बुबुळामागे बघणारे साडू

आमच्या साडूंइतका हेवा करण्याजोगा माणूस रेवसपासून रेवदंड्यापर्यंतच्या किनाऱ्यावर दुसरा झालेला नाही, आणि त्या हेव्याचं काम नशिबाने एकट्या माझ्यावर सोपवलेलं आहे. हेवा करायचाच तर शेजाऱ्याचा करावा, वर्गातल्या पहिल्या नंबराचा करावा, फार तर कचेरीतल्या साहेबाचा करावा. शेजारी घर बदलतो, शाळा सुटते, साहेब निवृत्त होतो, आणि आपल्या पोटातलं दुखणं आपोआप थांबतं. साडूच्या बाबतीत ती सोय नाही. तो गणपतीत समोरच्या पाटावर असतो, लग्नात शेजारच्या खुर्चीवर असतो आणि सासूबाईंच्या मनात कायम आपल्यापेक्षा एक पायरी वर असतो. त्यातून मी डोळ्यांचा डॉक्टर आणि माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवराही डोळ्यांचाच डॉक्टर. मी अलिबागेत, ते नागावात. जावई म्हणून मी थोरला, डॉक्टर म्हणूनही मी थोरला, पण घरात कुणाच्या डोळ्यात नुसती चिलटं गेली तरी रिक्षा नागावच्या दिशेने सुटते.

याला कारण त्यांचं ते यंत्र. काही वर्षांपूर्वी सगळं नागाव पर्यटकांसाठी खोल्या बांधत होतं. ज्याच्या वाडीत चार नारळ आणि एक विहीर होती तोसुद्धा झोपाळा टांगून पाटी लावत होता. आमच्या साडूंची वाडी तर ऐन रस्त्याला, समुद्राच्या वाटेवर. तिथे आता पोहायचा तलाव होणार, असं सगळ्या नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. दोघा-तिघांनी फुकट राहायला यायचे बेतही केले होते. साडूंनी काय केलं, तर डोळ्याच्या पुढच्या भागाची सोनोग्राफी करणारं यंत्र आणलं. आता हे प्रकरण असं आहे, की बुबुळाच्या पारदर्शक काचेमागे जो रंगीत पडदा असतो, तिथपर्यंत उजेड जातो आणि थांबतो. त्या पडद्याच्या मागे काय चाललंय, ते मला माझ्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. यांच्या यंत्राला दिसतं, कारण ते उजेडाने बघत नाही, आवाजाने बघतं. तो आवाजही असा, की माणसाला सोडा, कुत्र्यालाही ऐकू येऊ नये. मी उभी हयात आरशाचं भिंग डोळ्यावर टेकवून डोळ्याचा कोन, म्हणजे काच आणि पडदा मिळतात तो कोपरा, तपासत आलो, त्यात माझं नाव होतं, मुंबईचे डॉक्टरही मान डोलवायचे. यंत्र आल्यापासून लोक माझ्या त्या भिंगाकडे आजोबांच्या चावीच्या घड्याळाकडे बघावं तसं बघतात. चालतं अजून, असं कौतुकाने म्हणतात, आणि वेळ मोबाइलवर बघतात.

सोनोग्राफीचं यंत्र म्हटलं की दारावर पाटी आलीच: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. यंत्र पोटात बघतं की डोळ्यात, याची चौकशी करायला कायद्याला सवड नसते. त्यामुळे साडूंच्या दवाखान्यात मोतीबिंदूच्या चित्राशेजारी ही पाटी झळकते. एकदा मी तिथे बसलो असताना थेरोंड्याच्या एक कोळीण आजी आल्या होत्या. साडूंनी त्यांना सोनोग्राफी करायला सांगितली, तशा आजी पदर सावरून उठल्याच.

"या वयान सोनोग्राफी? गावान कलला तं सून घरान घेनार न्हाय मना."

"आजी, पोटाची नाही. डोळ्याची."

"मंग ती पाटी कशाला लावलीस?"

दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने हसून पुढचा पेशंट बोलावला असता. आमचे साडू बाकावर आजींच्या शेजारी बसले आणि त्यांनी तो कायदा, तो का झाला, मुली कशा कमी झाल्या, इथपासून सगळं सांगायला घेतलं. बाकीचे पेशंटही सरकून जवळ आले. एकाने आपल्या भावजयीची हकिगत सांगितली, दुसऱ्याने त्याला खोटं पाडलं, आतून वहिनींनी (नात्याने माझी मेहुणी, पण पेशंटांचं ऐकून मीही वहिनीच म्हणतो) चहा पाठवला. जेवणाची वेळ झाली तेव्हा कुणाचाच डोळा तपासून झालेला नव्हता आणि तरीही सगळे खूश होऊन उद्या येतो म्हणून गेले. माझ्याकडे पेशंटला जरा ताटकळत ठेवलं तर तो घड्याळ बघतो, मग माझ्याकडे बघतो, मग दाराकडे बघतो. यांच्याकडे ताटकळायला लोक घरून डबा घेऊन येतात.

या तपासणीत पेशंटला आडवं झोपवतात, डोळा बधिर करणारा थेंब घालतात, पापण्यांच्या मध्ये प्लास्टिकची एक छोटी बिनबुडाची वाटी बसवतात, तीत मिठाचं पाणी भरतात आणि त्या पाण्यात यंत्राची दांडी धरतात. पाणी गार असेल तर माणूस दचकतो, म्हणून साडू त्या पाण्याची बाटली दिवसभर शर्टाच्या आत, छातीशी धरून हिंडतात. पाणी अंगाएवढंच ऊन हवं, आणि अंगाएवढं ऊन अंगच करतं, असा त्यांचा सिद्धान्त आहे. त्यांना कुणी प्रेमाने मिठी मारली की मधे बाटली टोचते. त्यांच्या पुतणीच्या लग्नात ती ऐन मंगलाष्टकांत गळली. फोटोत सगळी मंडळी अक्षता टाकताहेत आणि साडूंच्या रेशमी झब्ब्यावर छातीपासून खाली ओला नकाशा पसरत चालला आहे. दुसरा कुणी असता तर जन्मभर चिडवला गेला असता. यांच्याबद्दल लोक म्हणाले, बघा, लग्नातसुद्धा पेशंटची काळजी.

आडव्या माणसाला निदान सांगायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. "आडवा माणूस आधीच हरलेला असतो," असं ते म्हणतात. चांगलं असो, वाईट असो, आधी उठून बसायचं, तोंड धुवायचं, वहिनींच्या हातचं कोकम सरबत प्यायचं. मग साडू यंत्राचा पडदा पेशंटकडे फिरवणार आणि त्याला त्याच्या डोळ्याचं आतलं चित्र दाखवणार. डोळ्यातलं पाणी एका कोपऱ्यातून सतत वाहून जात असतं आणि तो कोपरा तुंबला की दाब वाढून नजर जाते, हे मी प्लास्टिकचा मोठा डोळा हातात धरून, तुकडे सुटे करून, लोकांना वर्षानुवर्षं सांगत आलो. लोक मान हलवायचे आणि शेवटी विचारायचे, मग चष्म्याचा नंबर किती? साडू खारपाटातल्या, म्हणजे समुद्राला बांध घालून शेती करणाऱ्या, शेतकऱ्याला पडद्यावर बोट ठेवून म्हणतात, "हे तुमचं शेत, हा बांध आणि ही पाणी बाहेर सोडायची उघाडी. उघाडी बंद झाली की शेतात पाणी चढतं ना? तसं." शेतकरी चित्राकडे बघतो, आणि ज्याने समुद्राचं पाणी अडवण्यात आयुष्य काढलं तो माणूस म्हणतो, "मंग आता उघारी कधी साफ करताव?" एका वाक्यात काम झालं. माझा प्लास्टिकचा डोळा मी कपाटात ठेवून दिला आहे.

सासूबाईंचं तर विचारूच नका. त्यांच्या डोळ्याचं ते काळं-पांढरं चित्र साडूंनी छापून दिलं, आणि सासूबाईंनी चौकट करून माजघरात लावलं. दूधवाल्यापासून मीटर बघायला येणाऱ्या माणसापर्यंत प्रत्येकाला त्या ते दाखवतात. "हा उजवा. डावा यापेक्षा बरा आलाय, पण तो माझ्या धाकट्या जावयाने स्वतःकडे ठेवून घेतला." त्यांना मी मुंबईहून मुद्दाम करून आणलेला चष्मा त्याच माजघरातल्या खणात आहे. चित्र नीट बघायचं असलं की तो बाहेर काढतात.

साडूंना या यंत्राचं वेड किती, तर बाजारातून आलेला प्रत्येक मासा आधी दवाखान्यात जातो. मासा ताजा आहे की शिळा, हे आपण सगळे त्याच्या डोळ्यावरूनच ओळखतो. साडू म्हणतात, मग नीटच बघावं. हलव्याच्या डोळ्याची काच किती जाड, सुरमईचं भिंग कसं गोल, याची चित्रं त्यांच्याकडे आहेत. वहिनींनी शेवटी माशांसाठी वेगळी वाटी आणि वेगळा रुमाल नेमून दिला. इतकं करून दर आठवड्याला त्यांच्या गळ्यात शिळा मासा पडतो तो पडतोच, कारण कोळीण विकत असताना यंत्र बरोबर नसतं आणि तिच्याशी गप्पा मारताना साडू माशाकडे बघत नाहीत. हीच माशांची चित्रं त्यांनी पुण्याच्या एका परिषदेत दाखवली. त्याच परिषदेत माझंही भाषण होतं. माझ्या भाषणाला टाळ्या पडल्या. त्यांच्यानंतर लोक खुर्च्या सोडून त्यांच्याभोवती जमले आणि तुमच्याकडे कोलंबी मिळते का, असं विचारू लागले.

या सगळ्याला तोड म्हणून मी कॅमेरा घ्यायचं ठरवलं. माझ्या सूक्ष्मदर्शकाला जोडायचा, डोळ्याचा मोठ्ठा रंगीत फोटो काढणारा. गरज होती का? नव्हती. पण साडूंची चित्रं काळी-पांढरी होती आणि माझी रंगीत होणार होती, आणि सासूबाईंच्या माजघरात अजून एक भिंत मोकळी होती. पनवेलहून विक्रेता आला, त्याने जोडणी केली आणि विचारलं, "सर, डेमोसाठी कोणाचा डोळा घेऊ?" मी म्हणालो, माझाच घे, आणि ऐटीत हनुवटी टेकवली. पडद्यावर माझा उजवा डोळा थाळीएवढा उमटला.

"क्लॅरिटी बघा सर. एकदम मस्त ना? एक एक रेषा दिसते," विक्रेता म्हणाला.

दिसत होतीच. तपकिरी पडदा, त्याच्या सुतासारख्या रेषा, आणि खालच्या बाहेरच्या कडेला तो पडदा वर आलेला, चादरीखाली लिंबू ठेवावं तसा. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण मी पेशंटना हसत हसत सांगत आलो आहे. त्या दिवशी मी हनुवटी काढून पडद्याजवळ सरकलो. असा उंचवटा दोन कारणांनी येतो. पडद्यामागे पाण्याने भरलेला फोड असेल, तर काही करायचं नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. भरीव गाठ असेल, तर कधी कधी अख्खा डोळा काढावा लागतो, आणि तेवढ्यावर भागेल याची हमी कुणी देत नाही. दोन्ही पुढून सारखीच दिसतात. फरक कळायला पडद्यामागे बघावं लागतं, आणि पडद्यामागे बघणारं यंत्र अलिबागेपासून जवळात जवळ म्हणजे नागावात. मी फोटो माझ्या संगणकावर ठेवून घेतला, विक्रेत्याला नंतर कळवतो म्हणून वाटेला लावलं आणि मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात फोन करून वेळ घेतली.

मला भीती वाटत होती, हे इथे सरळच सांगतो. डोळा गेला तर शस्त्रक्रिया गेली, आणि शस्त्रक्रियेशिवाय मी कोण, हे मला माहीत नव्हतं. पण त्या भीतीच्या शेजारी मांडी घालून तो जुना हेवाही बसला होता. मी साडूंसमोर आडवा होणार, ते वरून माझ्याकडे बघणार आणि माझ्या आत काय आहे ते माझ्याआधी त्यांना कळणार, ही कल्पना मला सोसत नव्हती. म्हणून मी घरी काही बोललो नाही. दवाखाना रिकामा झाला की तो फोटो उघडून बसायचो. एका दुपारी बायको डबा घेऊन आली आणि तिने पडद्याकडे पाहिलं.

"हा कुणाचा डोळा?"

"एका पेशंटचा."

"रोज सकाळी चहा देताना बघते तो डोळा मी," ती म्हणाली. "मला पेशंट सांगता होय?"

मग सगळं सांगावं लागलं. ती खुर्चीवर बसली आणि तिने बहिणीला फोन लावला.

संध्याकाळी साडू स्कूटरवरून हजर झाले. बरोबर बोंबील होते, आणि यावेळी चमत्कार म्हणजे ताजे होते. त्यांनी डोळ्याचा विषयही काढला नाही. जेवले, पर्यटकांच्या बोटींनी समुद्रावर कसा उच्छाद मांडलाय ते सांगितलं, त्या बोटीवर कुणाचं कोपर कुणाच्या डोळ्यात बसलं ते सांगितलं. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "दादा, सकाळी या. पेशंट यायच्या आधी. पाणी कोमट करून ठेवतो."

"मी मुंबईला दाखवणार आहे."

"दाखवा की. त्यांचं यंत्र माझ्यापेक्षा भारी आहे. मुंबईला जाता जाता फक्त माझ्याकडे आडवे व्हा."

मुंबईला जायचं तर बोटीसाठी मांडव्याला जायचं आणि नागाव बरोबर त्याच्या उलट दिशेला आहे. तरी मी येतो म्हणालो.

सकाळी मी त्यांच्या टेबलावर आडवा झालो तेव्हा पहिल्यांदा मला त्या खोलीचं छत दिसलं. इतकी वर्षं मी तिथे जात होतो, पण उभ्या माणसाला छत कुठे दिसतं? पेशंटला दुसऱ्या डोळ्याने ठरावीक दिशेला बघावं लागतं, म्हणून साडूंनी छतावर स्वतःच्या हाताने तैलरंगात चित्रं काढून ठेवली होती. मधोमध होडी, एका कडेला नारळ, एका कडेला कुठलासा पक्षी. चित्रकलेत तरी हा माणूस माझ्या पुढे नाही, असं वाटून मला जरा बरं वाटलं. डोळ्यावर वाटी बसली, तीत पाणी आलं. खरोखरच अंगाएवढं ऊन होतं. आलेलं कळलंसुद्धा नाही.

"दादा, कावळ्याकडे बघा."

"कावळा कुठे आहे?"

"होडीच्या डावीकडे नाही का."

"तो कोंबडा आहे."

"सगळ्यांना तसंच वाटतं. बरं, कोंबड्याकडे बघा."

एरवी तपासताना साडूंची बडबड चालू असते. त्या दिवशी ते गप्प झाले. औषधांच्या कपाटाच्या काचेत यंत्राच्या पडद्याचं प्रतिबिंब पडलं होतं. कोंबडा सोडून मी चोरून तिकडे नजर टाकली. चित्र थरथरत होतं. पांढऱ्या रेषा जमत होत्या आणि विस्कटत होत्या, काही केल्या एका जागी ठरत नव्हत्या. मला पहिला विचार आला तो असा, की याच यंत्रासाठी मी इतका जळलो? मग वाटीतलं पाणी माझ्या गालावर सांडलं आणि मला कळलं, की यंत्र ठीक होतं. साडूंचा हात कापत होता.

त्यांनी दांडी बाजूला घेतली, हात शर्टाला पुसला, दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि पुन्हा सुरुवात केली. बराच वेळ गेला.

"पाणी आहे," ते म्हणाले.

मी अजून आडवाच होतो. तोंड धुतलं नव्हतं, सरबत प्यायलो नव्हतो.

"काय?"

"आत पाणी आहे, दादा. पातळ भिंत, मधे सगळं काळं, रिकामं. गाठ नाही."

एवढं बोलून ते खोलीतून निघून गेले. माझ्या डोळ्यावरची वाटी काढायचीही त्यांना शुद्ध राहिली नाही. मी वाटीसकट छताकडे बघत पडून राहिलो. बाहेर पडवीत त्यांनी जोरात नाक शिंकरल्याचा आवाज आला, मग वहिनींचा घाबरलेला आवाज, आणि मग साडूंचा, एरवी पेशंटशीही शुद्ध बोलणाऱ्या त्या माणसाचा, गावच्या बोलीत: "काय न्हाय गं. पानी हाय नुस्तं." परत आले तेव्हा डोळे लाल होते. सर्दी झाली आहे, असं त्यांनी मला सांगितलं.

मग वाटी निघाली, सरबत आलं, यंत्राचा पडदा माझ्याकडे फिरला. माझ्या डोळ्याच्या आत, रंगीत पडद्याच्या पाठीला चिकटून, साबणाच्या फुग्यासारखा एक पोकळ गोल बसला होता. निदानात शंकेला जागाच नव्हती. मीही तेच सांगितलं असतं. मला इतकं हलकं वाटलं, की मनात अनेक वर्षं राहिलेली गोष्ट तोंडातून निघून गेली. मी म्हणालो, "आता तुम्ही झोपा. मलाही एकदा हे चालवून बघू दे."

साडूंना झालेला आनंद सांगता येणार नाही. यंत्र आल्या दिवसापासून मी हे विचारावं, म्हणून ते वाट बघत होते, असं वहिनी नंतर म्हणाल्या. शर्टातून बाटली काढून त्यांनी माझ्या हातात दिली आणि लहान मुलासारखे आडवे झाले. मी थेंब घातला, वाटी बसवली, पाणी भरलं, दांडी धरली. पहिल्या झटक्यात चित्र आलं. काच, पडदा, कोन, भिंग, सगळं रेखीव आणि स्वच्छ, आणि जागचं तसूभर हललं नाही.

मान न वळवता त्यांनी कपाटाच्या काचेत बघून घेतलं. "हात काय स्थिर आहे हो तुमचा," ते म्हणाले. "मला नाही असं जमत. मघाशी बघितलंत ना." त्यांच्या आवाजात चक्क हेवा होता.

इतकी वर्षं मी याच एका वाक्याची वाट बघत होतो. ते आलं. माझ्या हातात दांडी तशीच होती. मी मनाशी म्हणून बघितलं, की साडूंच्या या पडद्यामागे आता भरीव गाठ दिसली तर? हाताकडे बघत राहिलो. तो हलला नाही. त्यांचा माझ्यासाठी हलला तसा हलावा, असं मला फार वाटत होतं. दांडी काढली, वाटी काढली, पाणी टिपून घेतलं आणि कापसाने त्यांचा डोळा पुसायला लागलो. बराच वेळ पुसत असणार मी, कारण खालून ते हळूच म्हणाले, "दादा, झालं की."